ऑप्शन करण्याआधी परीक्षा हवी का?

रामबागचे काका
इंदूरला आमच्या गल्लीत ओट्यावर बसणारी पोरं हल्ली एक्स्पायरीशिवाय, म्हणजे ऑप्शनचा सौदा ज्या दिवशी संपतो त्याशिवाय, दुसरं बोलत नाहीत. मंगळवारी निफ्टी, गुरुवारी सेन्सेक्स. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन, म्हणजे पुढच्या भावावर लावलेले सौदे, करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर.

मला सलतं ते हे: ब्रोकरच्या ऑफिसात बसून हेच डेरिव्हेटिव्हचे सौदे टाकणाऱ्या माणसाला सेबीच्या एनआयएसएम संस्थेची परीक्षा पास व्हावी लागते. तोच सौदा घरच्या पैशांतून करणाऱ्या कॉलेजच्या मुलाला मात्र उत्पन्नाचा पुरावा म्हणून बँक स्टेटमेंट अपलोड केलं की मोकळं रान. तीच परीक्षा ग्राहकालाही लावा. पास झाला तरच अ‍ॅपवर एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन) सुरू होईल.

अमेय, सुदामा नगर
काका, मी याच्या पूर्ण विरोधात आहे. सज्ञान माणसाने स्वतःचा पैसा कुठे लावायचा हे परीक्षा ठरवणार? आणि समोर कोण बसलंय ते बघा. त्याच अभ्यासात २०२३-२४ मध्ये परदेशी संस्थांच्या नफ्याचा ९७ टक्के आणि ब्रोकरांच्या स्वतःच्या ट्रेडिंगच्या नफ्याचा ९६ टक्के भाग अल्गोने, म्हणजे आपोआप सौदे टाकणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामने, कमावलेला होता. त्या मशीनपुढे परीक्षेचे मार्क काय कामाचे?

नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने एका सौद्याचा कॉन्ट्रॅक्ट किमान १५ लाखांचा केला, साप्ताहिक एक्स्पायरी एका एक्स्चेंजला एकच ठेवली. तरी २०२४-२५ मध्ये ९१ टक्के लोक तोट्यातच. लहान माणसावर अजून किती नियम लादणार? जुलै २०२५ मध्ये सेबीने बाजार फिरवल्याच्या आरोपावरून जेन स्ट्रीट या अमेरिकन ट्रेडिंग कंपनीचे ४,८४३ कोटी रोखले. तो वाद अजून चालू आहे, पण नजर तिकडे हवी.

विजय नगरला नोकरी केलेली
दोघेही ज्यावर बोलत नाही त्यावर मी बोलते. मी शेअर बाजाराच्या टिप्स देणाऱ्या एका ऑफिसात कॉलिंग करायचे. सकाळी लीडची शीट हातात पडायची: नाव, नंबर, डीमॅट आहे की नाही, कधी कधी अंदाजे भांडवलसुद्धा. ही माहिती कुठून आली हे विचारायची पद्धतच नव्हती. खात्रीचा नफा सांगायला सेबीची बंदी आहे हे आम्हाला माहीत होतं, पण टार्गेट त्या एका शब्दावरच पूर्ण व्हायचं. पलीकडे बरेचदा नुकतेच रिटायर झालेले लोक असायचे. ते 'बेटा' म्हणून बोलायचे. आजही आठवलं की मला बरं वाटत नाही.

पोराने अ‍ॅप उघडण्याच्या कितीतरी आधी त्याचा नंबर विकला गेलेला असतो. डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर अठरा महिने. तोवर काय?

पलासियाचा वाचक
ताई, त्याच ऑफिसांनी खरगोन, देवासच्या किती मुलांना पहिला पगार दिला, तेही लिहा. सगळी बदमाश नव्हती.

विजय नगरला नोकरी केलेली
पगार मलाही मिळाला, घरी लागतही होता. म्हणून त्या शीटवरच्या माणसाचं नुकसान भरून येत नाही. आणि आता तर टेलिग्रामवर ग्रुप निघतात. तिथे कॉलिंगला माणसं लागत नाहीत, आणि कुलूप लावायला ऑफिसही सापडत नाही.

रामबागचे काका
अमेय, 'दहापैकी नऊ जण तोट्यात जातात' ही सूचना जुलै २०२३ पासून लॉगिन करताना समोर येते. कोण वाचतं? बोट फिरवतात आणि पुढे जातात. परीक्षेने मशीन हरणार नाही, मान्य. पण अभ्यासाला लागणारे दोन-तीन आठवडे त्या मुलाला थांबवतील, आणि ऑप्शन विकताना तोटा हाती आलेल्या पैशांच्या कितीतरी पट होऊ शकतो हे त्याला एकदा तरी स्वतःच्या हाताने सोडवावं लागेल. ताईंचं म्हणणं मात्र माझ्या मुद्द्याच्या आधी यायला हवं होतं.

अमेय, सुदामा नगर
दोन-तीन आठवडे? परीक्षा जाहीर झाली की त्याच दिवशी तिचे क्लासेस निघतील, काका, आणि ते चालवणारे हेच टिप्सवाले असतील. लीडची शीट विकणाऱ्याला आधी पकडा, मग माझी परीक्षा घ्या.