मदत हवी आहे: तरुण संघाला हे कसं समजवावं?

जय ख्रिस्त. मी मंडळीचा (चर्चचा) तरुण संघ बघते. 1990च्या दशकात ‘येशूने काय केलं असतं?’ या प्रश्नाची इंग्रजी आद्याक्षरं विणलेले मनगटी पट्टे खूप खपले. मूळ ते अमेरिकेतल्या एका मंडळीने आपल्या तरुणांसाठी बनवले होते. प्रश्न चांगलाच, पण पुढे तो टोप्या-कीचेनवरही विकला गेला. आमची मुलं आता तसेच पट्टे विकून निधी उभारू म्हणतायत. काल एक मुलगी म्हणाली, "ताई, पट्टा घातला की प्रार्थना केल्यासारखंच वाटतं." तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. बायबलमधल्या योहान 2 मधला, मंदिरात धंदा मांडणाऱ्यांचे चौरंग पालथे करणारा येशू दाखवावा, तर पोरं हिरमुसतील. फार मनापासून करतायत हो! विश्वासाची साक्ष कुठे संपते आणि विक्री कुठे सुरू होते, हे तुम्ही मुलांना कसं दाखवलंत? रविवारी बैठक आहे.