मदत हवी आहे: 9 वर्षांच्या गावठी कुत्रीचं वय माणसाच्या हिशोबात किती?

आमची चिमी गावठी, वजन 17 किलो. पिल्लू असल्यापासून आमच्याकडेच, त्यामुळे वय पक्कं. सातने गुणलं की 63. पहिल्या वर्षाची 15, दुसऱ्याची 9, पुढे दरवर्षी 5 धरली तर 59. 2020 च्या डीएनए अभ्यासातल्या सूत्राने (वयाचा नैसर्गिक लॉग गुणिले 16, अधिक 31) थेट 66! पण तो अभ्यास लॅब्राडोरवरचा, आणि मोठ्या जाती लवकर म्हाताऱ्या होतात. चिमीचं तोंड पांढरं झालंय, तरी गंगापूर रोडला फिरताना अजून तीच मला ओढत नेते. दात-डोळे डॉक्टरांनी तपासलेत, ठीक आहेत. नाशिकमध्ये ज्यांच्याकडे म्हातारी गावठी कुत्री आहेत त्यांनी कृपया सांगा: मध्यम आकाराला यातला कोणता हिशोब धरायचा, आणि दरवर्षीची रक्ततपासणी कोणत्या वयापासून सुरू केलीत?