घर पाडताना आजीचा पितळी गुंड, सागवानी दार अन् ट्रंकेतले कागद मोडीत द्यायचे का? माझं मत : नाही

दारव्हेकर
यंदा उन्हाळ्यात आमच्या गावात सहा-सात मातीची घरं पाडली, तिथं स्लॅब पडले, अन् प्रत्येक घरापुढं मिस्त्रीच्या आधी भंगारवाल्याचा छोटा हत्ती येऊन उभा. गुंड म्हणजे पाण्याच्या पितळी घागरी, गंगाळ, कोपर म्हणजे मोठ्या पराती, बैलांच्या घुंगरमाळा, सागवानी चौकटी, सगळं काट्यावर. आमचंही घर पाडलं. पण मी काहीच मोडीत जाऊ दिलं नाही, घरच्यांशी दोन दिवस अबोला झाला तरी चालंल म्हटलं, अन् आता ते सामान रोजच्या वापरात आहे म्हणून लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की जुनी वस्तू शोकेसमध्ये ठेवायची नाही अन् किलोवरही द्यायची नाही, वापरायची.

आजीचा पितळेचा गुंड ओट्यावर पिण्याच्या पाण्याला आहे. दाराच्या दोन फळ्यांपैकी एक लाकडी घोड्यांवर टाकून जेवायचा टेबल केला, मधली लोखंडी कडी तशीच ठेवली, पोरगी जेवता जेवता वाजवत बसते. डालड्याच्या डब्यात कढीपत्ता लागलाय.

अन् आजोबांची ट्रंक! उघडली तं वर डांबरगोळ्यांचा वास अन् खाली सगळा संसार कागदावर. रेडिओचं लायसन, पोस्टातून मिळायचं ते पुस्तक, वर्षावर्षाचं तिकीट चिकटवलेलं अन् त्यावर गोल शिक्का. ऐंशीच्या दशकापर्यंत घरी रेडिओ ठेवायला सरकारी लायसन लागे हे आजच्या पोरांना सांगितलं तं पटत नाही, पुस्तक हातात दिलं की पटते. सरकारची कापूस एकाधिकार खरेदी 1972 ला सुरू झाली तेव्हापासूनच्या पावत्या, सगळ्या तारेत ओवलेल्या. माझ्या वडिलांचा शाळेचा दाखला, त्यावर छापलंय मध्यप्रदेश! पोरगी म्हणे बाबा, आपण मध्यप्रदेशात राहत होतो का? तिला सांगितलं, आपण इथंच होतो, सरकार बदलत गेलं. आधी मध्यप्रांत-वऱ्हाड, 1950 पासून मध्यप्रदेश, 1956 ला मुंबई राज्य, 1960 ला महाराष्ट्र. पुस्तकातून हे तिच्या डोक्यात शिरलं नसतं.

सगळ्यात जीव अडकला तो शकुंतलेच्या, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेगाडीच्या तिकिटात. दारव्ह्याहून मूर्तिजापूर. जाड पुठ्ठा, बोटाच्या दोन पेरांएवढा, कडेला तारीख शाईनं नाही तं दाबून उमटवलेली, बोट फिरवलं की लागते, अन् एका कोपऱ्याला टीसीच्या चिमट्याची खाच. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन ओढायचं त्या गाडीला, मी स्वतः बसलोय त्यात, डोळ्यात कोळशाचा कण जायचा. आता गाडी बंद अन् हाती उरलं ते हे तिकीट. ते कसं फेकू?

गोंदियावाली
दादा, वाचायला गोड वाटलं पण एक विचारते, तुमचा तो गुंड घासते कोण? आमच्या घरी दोन गुंड होते. माय एक डोक्यावर अन् एक कमरेवर घेऊन विहिरीवरून यायची, दिवसातून सहा-सात खेपा. रिकामा गुंडच किती जड असते ते उचलून पाहा, मग त्यात पाणी भरा. तिची मान शेवटपर्यंत दुखत होती. घरात पहिली प्लास्टिकची कळशी आली तेव्हा तिनं ती उचलून पाहिली अन् किती हलकी हाय वं म्हणून हसत सुटली, मी तिला तशी हसताना फार कमी पाह्यलं. तुम्ही ज्याला ठेवा म्हणता तो आमच्या बायांच्या अंगावरचा बोजा होता.

जात्याचं तेच. एका हॉटेलात दाराशी जातं मांडून त्यावर फुलं ठेवली होती, लोकं फोटो काढत होते. मी नाही काढू शकली. पहाटे चारला उठून दळणाऱ्या बाईचे तळहात मी जवळून पाह्यले आहेत. जुनं सगळंच सोनं नसते.

दारव्हेकर
ताई, तुमचं पटलं, अन् घासायचं उत्तर आधी देतो. मीच घासतो, दर रविवारी, चिंचेच्या कोळात थोडं मीठ टाकून, मग राखेचा एक हात अन् साध्या पाण्यानं धुवायचं. पहिल्या वेळी तासभर लागला, आता पंधरा मिनिटात होते. विहिरीवरून आणायचं नाही, नळाखाली भरायचा अन् ओट्यावर ठेवायचा, तेवढ्यापुरताच. जातं मी ठेवलं नाही, खोटं कशाला बोलू. माझ्या आईनंच म्हटलं ते नको, त्याच्याशी माझं जमलं नाही कधी.

कोरडवाहू
मी वेगळं बोलतो. तुम्ही लोकं पितळेच्या भांड्याले आठवण म्हणता, आमच्याकडं ते बँक होतं. पऱ्हाटीचे पैसे आले की आबाजी एक गंगाळ नाहीतं कोपर घेत, लग्नात बाईले मिळे ते वेगळं. पाऊस दगा देऊन गेला की तेच गंगाळ सावकाराकडं गहाण. माझ्या बापानं दोन वेळा गंगाळ गहाण ठेवून सरकी आणली, तिसऱ्यांदा ते सुटलंच नाही. म्हणून कोणी मोडीत दिलं तं त्याले आजीची किंमत नाही असं काऊन समजता? घेतलंच होतं अडल्या वेळी विकाले. पोरीची फी भरून झाली तं गुंडाचं काम झालं. ठेवणं ज्याले परवडते त्यानं ठेवावं, पण विकणाऱ्याले नावं ठेवू नका, त्यानं लय विचार करून विकलेलं असते.

पुसदकर
भांड्यांचं ज्याचं त्यानं ठरवावं. पण कागदाच्या बाबतीत मी दारव्हेकर भाऊंच्या बाजूनं उभा आहे आणि त्याला कारण आहे. पुतण्याच्या व्हॅलिडिटीला, म्हणजे जातपडताळणीला, ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा पाहिजे होता. गावच्या शाळेत गेलो तं दाखलखारीज रजिस्टर उदईनं खाल्लेलं, नुसता भुसा हातात आला. तालुक्याला चार चकरा झाल्या, कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, नाव सापडंना. शेवटी माझ्या आत्याच्या घरी, पापडाच्या डब्यात, हो पापडाच्याच, आजोबांचा चौथी पासचा मूळ दाखला घडी घालून ठेवलेला सापडला. घडीवर विरला होता पण जात आणि तारीख शाबूत. आत्यानं तो डबा दोन वेळा भंगारात काढला होता आणि दोन्ही वेळा डबा बरा आहे म्हणून परत ठेवला होता. पोरगा आज इंजिनिअरिंगला आहे. एस.सी.ला 10 ऑगस्ट 1950, एस.टी.ला 6 सप्टेंबर 1950, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961, या तारखांच्या आधीचा एखादा कागद तुमच्या माळ्यावर पडला असंल आणि तुम्ही रद्दीच्या भावात देऊन बसाल. आधी एकेक चिठोरा वाचा.

गडचिरोली_जंगलवाट
पुसदकर भाऊंना जोडून सांगतो. वनहक्काच्या दाव्यात जे आदिवासी नाहीत त्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्या म्हणजे 75 वर्षं तिथंच राहत होतो हे दाखवावं लागते. निस्तार पत्रक म्हणजे गावाच्या जंगल वापराच्या हक्कांची नोंद, जुन्या पावत्या, सारा भरल्याची चिठ्ठी, असं काहीही कामी येऊ शकते. आमच्याकडं म्हातारे लोकं असे कागद पोकळ बांबूत गुंडाळून वर खोचून ठेवत. कवेलू काढताना तो बांबू चुलीत घालू नका, आत पाहा.

चांद्याचा
सगळं खरं, पण दुसरी बाजू मी भोगलीये म्हणून लिहितो. माझे वडील काहीच फेकत नव्हते. लग्नपत्रिका, विजेची बिलं, बिडी बंडलाची लेबलं, काडेपेट्यांचे छाप, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, वीस-पंचवीस वर्षांचे पेपर. एक अख्खी खोली. चांद्याच्या उन्हाळ्यात 46-47 तापमानात ती खोली उघडली तं भट्टी, पावसाळ्यात बुरशी, अन् एका आखाडात त्या गठ्ठ्यामागून नाग निघाला, तिथून चार हातांवर माझा मुलगा झोपलेला होता. आई आयुष्यभर म्हणत राहिली की काढा ते, ते म्हणायचे कामी येईल. त्यातलं एक टक्काही कामी आलं नाही. ते गेल्यावर ती खोली मी एकट्यानं उपसली, आठ दिवस लागले, आणि प्रत्येक कागद फेकताना त्यांना फेकतोय असं वाटलं. म्हणून मी म्हणतो जिवंतपणी निवडा. सरकारी कागद ठेवा, बाकीच्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि मोकळे व्हा. मुलांवर हे ओझं टाकू नका.

वर्धेची_मास्तरीण
चांद्याच्या भाऊंनी लिहिलेलं वाचून पोटात तुटलं. पण फोटोचं मला पटत नाही. माझे मामा नागपूरला एम्प्रेस मिलमध्ये होते, दर महिन्याला मनिऑर्डर करायचे आणि फॉर्मच्या तळाशी निरोपाची जी जागा असायची तिथं आजीसाठी दोन ओळी लिहायचे. पोस्टमन पैसे देऊन ती चिठ्ठी फाडून द्यायचा, आजी ती देवघरात ठेवायची. आजीला वाचता येत नव्हतं. ती बोटानं अक्षरं चाचपायची, त्यामुळे काही ठिकाणी शाई पुसट झालीये, आणि तीच पुसट जागा मला प्रिय आहे, ती फोटोत दिसते पण हाताला लागत नाही. माझे फोटो तर जुन्या मोबाईलबरोबर गेलेसुद्धा. चिठ्ठ्या आहेत.

ठेवणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी सांगते, मी चुकून शिकले. जुना कागद लॅमिनेट करू नका, मी एक केला आणि तो कायमचा गेला. सेलोटेप लावू नका, काही वर्षांनी पिवळा डाग पडतो आणि टेप निघून डाग राहतो. टाचण्या, स्टेपल काढून टाका, गंज कागद खातो. दारव्हेकर, तुमच्या तारेत ओवलेल्या पावत्या पहिल्यांदा तारेतून काढा. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून वर, भिंतीला न लावता ठेवायचं, आणि वर्षातून एकदा दिवाळीच्या आवराआवरीत उघडून पाहायचं.

भंडारेकर
आमचं घराणं पितळेच्या धंद्यातलं, भंडारा पितळेसाठीच ओळखला जातो, म्हणून भांड्यांवर बोलतो. वापरा म्हणणं सोपं आहे पण नीट वापरा. साधं पाणी पितळेत चालते. ताक, कढी, चिंचेचं वरण, टमाटर, आंबट काहीही बिनकल्हईच्या पितळेत ठेवलं की कळकते, हिरवं पडते, मळमळ-उलटी होते.

कल्हई म्हणजे आतून कथलाचा थर. भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागराची भुकटी टाकायची, पांढरा धूर निघतो, मग कथलाची कांडी टेकवायची, कथील 232 डिग्रीला वितळते म्हणून लगेच पाघळते, कापसाच्या बोळ्यानं झपाझप फिरवलं की काळं भांडं आतून चांदीसारखं होते. लहानपणी पाहायला आम्ही शाळा बुडवत होतो. फक्त कथलात शिसं मिसळलेलं नको, शिसं विष आहे, स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याला भांडं देऊ नका. अन् कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका, थर उतरते.

गोंदियावाली
भंडारेकर दादा, एवढं सगळं सांभाळायचं असंल तं स्टीलच बरं, माझं मत तेच आहे. पण एक गोष्ट मीही ठेवलीये ते लपवत नाही. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी, माझ्या आजोबांनी स्वतः कोरलेला, एक शिंग तुटलंय, चाकं दोन वेळा बदलली. आधी भावानं ओढला, मग त्याच्या पोरानं, आता माझा नातू ओढते. त्याचा कोणाच्या मानेवर भार नाही न, म्हणून ठेवला.

कोरडवाहू
नंदी कोणीच विकत नाही ताई, आमच्याही घरी हाय. भांडं अन् नंदी एका मापात मोजू नका हेच मी म्हणून राह्यलो.

पुसदकर
एक राहिलं. सागवानी दारं-खांब शहरातून लोकं येऊन जळाऊ लाकडाच्या भावात नेतात, तेच पुढं पॉलिश करून कितीतरी पटीनं विकते. विकायचंच असंल तं दोन-तीन ठिकाणी भाव विचारून विका. आणि देवाची जुनी मूर्ती निघाली तं सांभाळून, 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरच्या मूर्तीची नोंदणी लागते.

दारव्हेकर
कोरडवाहू भाऊ, तुमच्या गंगाळाचं वाचलं तेव्हापासून डोक्यात तेच आहे. मी सुरुवातीला मोडीत देणाऱ्यांवर जरा जास्तच बोललो, आमच्या गल्लीतल्या एका घरानं त्याच पैशातून दवाखान्याचं बिल भरलं हे मला माहीत होतं तरी बोललो. ते मागं घेतो. पण ज्याच्यावर वेळ आली नाही, फक्त जागा अडते म्हणून देतो, त्याला मी अजूनही थांब म्हणीन.

मास्तरीण ताई, पावत्या आजच तारेतून काढल्या. तारेची भोकं गंजून तपकिरी झालीत पण आकडे वाचता येतात, आजोबांच्या सह्या आहेत, पहिल्या पावतीवर अंगठा आहे अन् पुढच्या वर्षापासून सही. हे आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं.

भंडारेकर, आजीच्या दोन डेगी कल्हईला काढल्यात. आमच्याकडं आता कोणी फिरत नाही. भांडी घेऊन तिकडंच आलो तं चालंल का?

भंडारेकर
या. कथील मी आणून ठेवतो, तुमच्यासमोर वितळवू. पोरीला सोबत आणा, तिनं पाहिलं नसंल कधी.