मदत हवी आहे: मेंढी जुळ्यातलं एक कोकरू जवळ घेत नाही

मंडळी, आमच्या दख्खनी कळपात यंदा नारी सुवर्णाच्या काही मेंढ्या आणल्या. फलटणला तयार झालेली ही जात. जुळी देण्याचा गुण सुंदरबनच्या गरोळ मेंढीकडून आलेला, त्यामुळे जुळी झाली याचं नवल नाही. पण एक पहिलटकरीण एकाच कोकराला चाटते. दुसरं सडाला लागलं की ढुशी मारते. चीक पिळून बाटलीने पाजलाय, कास तपासली, सुजलेली नाही.

व्याल्यावर पहिल्या तास-दोन तासांत ती वासावरून पिल्लू ओळखते, हे ठाऊक आहे. ती वेळ गेली. आता दोन्ही कोकरांसह तिला अरुंद कप्प्यात कोंडावं का? किती दिवस? दुसऱ्या मेंढीला लावायचं झालं तर अंगाला काय चोळता?

दुसरं, आमच्या दख्खनी चरताना एकमेकींना धरून राहतात, नव्या मात्र फाकतात. जातीचा स्वभाव, की गोठ्यात वाढल्याची सवय? मेरिनो तर कळपाला इतकी धरून, की जुळ्यातलं एक मागे टाकून निघते म्हणतात. म्हणजे कळपाची ओढ आणि पिल्लाची माया या वेगळ्याच गोष्टी दिसतात.

माडग्याळ किंवा नारी सुवर्णा पाळणाऱ्यांनी अनुभव सांगा. कोकरू सध्या बाटलीवर आहे.