मदत हवी आहे: 'लाइव्ह ॲट लास्ट'मधलं 'पॅरानॉइड' काळी एकमध्ये का वाजतं?

नमस्कार मंडळी,

ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा 'लाइव्ह ॲट लास्ट' माझ्याकडे एलपीवर आहे, इंग्लंडमध्ये निघालेला नेम्स कंपनीचा. मार्च १९७३ मध्ये मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये आणि लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये झालेल्या कार्यक्रमांचं हे ध्वनिमुद्रण. माझा अतिशय लाडका अल्बम आहे. स्टुडिओतल्या रेकॉर्डवर ऐकू येतो त्यापेक्षा गीझर बटलरचा बास इथे जास्त मोकळा वाटतो, आणि ड्रमर बिल वॉर्ड एकच ठेका दोनदा सारखा वाजवत नाही.

अडचण अशी. यातलं शेवटचं 'पॅरानॉइड' लावून सोबत गिटार वाजवायला गेलं की सूर जुळतच नाही. घरच्या पेटीवर पडताळून पाहिलं. १९७० च्या स्टुडिओ रेकॉर्डवर ते पांढरी तीनमध्ये (ई) आहे. इथे ते थेट काळी एकला (सी शार्प) उतरतं, म्हणजे मोजून तीन पट्ट्या खाली. 'वॉर पिग्ज'चंही तेच.

माझा संशय टर्नटेबलवर आहे. आत्याने तो न्यू जर्सीहून आणला होता. मागे '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' असं छापलंय आणि मी तो स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो. दुरुस्तीवाल्यांनी बेल्ट बदलायला सांगितला, तो बदलला, काही फरक पडला नाही. आता ते मोटर बदला म्हणतायत आणि खर्च बराच सांगतायत. मोटर खरंच बिघडली आहे का, हे आधी कळायला हवं. कसं तपासू?

दुसरा प्रश्न: हाच अल्बम सीडीवर घ्यायचा तर कोणता घ्यावा? बँडने तो स्वतः काढलेला नाही असं ऐकलंय, ते खरं का?

प्रतिसाद १

तुमचा संशय रास्त आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, फ्रिक्वेन्सीला हात लावत नाही. जुन्या सिंक्रोनस एसी मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीवर ठरतो. ६० हर्ट्झची मोटर आपल्या ५० हर्ट्झवर चालवली की वेग सहाव्या हिश्शाने कमी होतो. ३३⅓ च्या जागी मिनिटाला २७.८ फेरे. सूर किती उतरेल याचा हिशोब केला तर तीन पट्ट्यांहून किंचित जास्त येतो, म्हणजे तुम्ही सांगताय जवळपास तेवढाच! अशा मशीनला मोटर बदलायची गरज नसते, ५० हर्ट्झची थोडी मोठी पुली (मोटरवरची बेल्ट फिरवणारी चकती) मिळाली तर काम होतं.

पण मशीनच्या आत डीसी मोटर असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही, मागे ६० हर्ट्झ छापलेलं असलं तरी. खात्री करणं सोपं आहे. लेबलवर कागदाचा लहान तुकडा चिकटवा, एलपी चालू असतानाच मोबाइलवर बरोबर ३ मिनिटं लावा आणि फेरे मोजा. १०० भरले तर वेग अचूक. ८३ च्या आसपास आले तर फ्रिक्वेन्सीचा घोळ. पैसे द्यायच्या आधी हे नक्की करा.

प्रतिसाद २

फेरे मोजाच, पण माझ्या मते टर्नटेबल निर्दोष आहे. त्याच एलपीवरचं 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' लावा आणि स्टुडिओ रेकॉर्डशी ताडून बघा. मशीन हळू फिरत असेल तर तेही तीन पट्ट्या खाली जायला हवं. ते जाणार नाही.

कारण बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या बोटांत आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये तुटली. वय १७. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं, आणि तारा हलक्या हव्यात म्हणून बँजोच्या तारा गिटारला चढवल्या. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'पासून त्याने काही गाण्यांसाठी गिटार तीन पट्ट्या उतरवली. सैल तार दाबायला कमी जोर लागतो आणि आवाजही भारदस्त होतो. बटलरने बासही तितकाच उतरवला.

१९७३ च्या दौऱ्यात वाद्यं अशीच उतरवलेली होती. म्हणून १९७१-७२ मध्ये उतरवलेल्या गिटारवर मुद्रित झालेली गाणी मूळ पट्टीतच ऐकू येतात, आणि 'पॅरानॉइड', 'वॉर पिग्ज' ही १९७० ची गाणी तेवढी खाली जातात. गायक ऑझी ऑस्बॉर्नच्या गळ्यालाही ती पट्टी सोयीची पडली असणार.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. ३ मिनिटांत फेरे बरोबर १०० भरले. 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' पेटीवर दोन्हीकडे काळी एक! मोटर बदलायची नाही हे ठरलं.

आता तोच 'वॉर पिग्ज' पुन्हा ऐकला तर वेगळाच भासतोय. गिटारच्या जाड तारेचा सूर सुटल्यावर किंचित लोंबकळतो, मग स्थिर होतो. इतके दिवस मी त्याला रेकॉर्डची थरथर समजत होतो. सैल तारेचं ते बोलणं आहे. सीडीबद्दल कुणी सांगू शकेल का?

प्रतिसाद ३

बँडने तो काढला नाही हे खरं आहे. १९७९ मध्ये ऑझीला बँडमधून काढलं. एप्रिल १९८० मध्ये रॉनी जेम्स डिओला घेऊन 'हेवन अँड हेल' आला, आणि त्याच वर्षी जुने मॅनेजर पॅट्रिक मीहन यांनी बँडला न विचारता ही सात वर्षांपूर्वीची टेप बाजारात आणली. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत ती ५ व्या क्रमांकावर गेली, बँडचा स्वतःचा नवा अल्बम ९ व्या. नव्या गायकासोबत उभं राहू पाहणाऱ्या लोकांवर हा अन्यायच होता, असं मला आजही वाटतं. संगीत मात्र अस्सल आहे.

डोळे झाकून २००२ चा 'पास्ट लाइव्ह्ज' घ्या. दोन सीडी आहेत. पहिल्या सीडीवर पूर्ण 'लाइव्ह ॲट लास्ट' साफसूफ करून दिलाय, दुसरीवर १९७० आणि १९७५ मधली प्रत्यक्ष कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं आहेत.

आणि 'किलिंग युवरसेल्फ टू लिव्ह' नीट ऐका. ते ज्या अल्बमवर आलं तो 'सॅबथ ब्लडी सॅबथ' डिसेंबर १९७३ चा, हे मुद्रण मार्चचं. शब्द अजून पक्के झालेले नाहीत, काही ओळी वेगळ्याच आहेत. गाणं घडताना सापडलंय. सुमारे १९ मिनिटांच्या 'विकेड वर्ल्ड'मध्ये तर आयोमी मूळ गाणं सोडून 'इन्टू द व्हॉइड'च्या रिफवरून (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी सुरावट) पुढे 'सुपरनॉट'पर्यंत जाऊन येतो. मैफलीत रंगलेला गवई चिजेत दुसऱ्या चिजेचा मुखडा डोकावून जातो, तसं.

धागालेखक

'पास्ट लाइव्ह्ज' शोधायला लागतो. एक शेवटची शंका: गिटार काळी एकला उतरवली की माझी सगळ्यात जाड तार फ्रेटवर खडखडते. नऊचा सेट आहे, म्हणजे बारीक तारांचा.

प्रतिसाद २

दहा किंवा अकराचा सेट लावा, खडखड बरीच कमी होईल. तारा बदलल्यावर गिटारची मान एकदा तपासून घ्या. आयोमी स्वतः हलक्या तारा वापरायचा, पण त्याला कारण त्याची बोटं होती. तुमची शाबूत आहेत, जाड तारा झेपतील.