थंडर जिंकेल, पण ४-० नाही

वर कोणीतरी म्हटलंय की २०२५ च्या एनबीए (अमेरिकन बास्केटबॉल लीग) फायनलमध्ये, म्हणजे सातपैकी चार मॅच जिंकायच्या सीरिजमध्ये, ओक्लाहोमा सिटी थंडर इंडियाना पेसर्सना ४-० ने गुंडाळणार, मला अजिबात नाही पटत. मान्य, थंडर ही सीझनमध्ये ६८ मॅच जिंकलेली टीम आहे, त्यांचा शे गिल्जस-अलेक्झांडर एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) आहे, आणि त्यांचे डॉर्ट-कॅरुसो डिफेन्समध्ये समोरच्याला श्वास घेऊ देत नाहीत. पण इंडियानाने ६४ विजयवाल्या क्लीव्हलंडला ४-१ ने घरी पाठवलं ना, आणि न्यूयॉर्क निक्सविरुद्धच्या सीरिजची पहिली मॅच, शेवटच्या तीन मिनिटांत १४ ने मागे, मग पेसर्सच्या नेस्मिथचे थ्री (तीन पॉइंटचे शॉट) धडाधड पडले आणि त्यांच्याच हॅलिबर्टनने शेवटच्या क्षणी मॅच ओव्हरटाइमला नेली, जिंकलीसुद्धा, तेही निक्सच्या घरच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, मी तर खुर्चीवरून उडालोच! शिवाय डेन्व्हरने थंडरला सातव्या मॅचपर्यंत खेचलं होतंच. २००० नंतर पहिल्यांदा फायनलला आलेत पेसर्स, लढल्याशिवाय जाणार नाहीत. माझा अंदाज थंडर ४-२.