हुदेत्सी येथील कार्यशाळा आणि ‘फ्यूजन’चा आक्षेप

भूमध्य सागरी संगीताच्या निवासी कार्यशाळांतून शेवटी फ्यूजनची (निरनिराळ्या संगीत परंपरांच्या मिश्रणाची) खिचडीच बाहेर पडते, हा आपण घेतलेला आक्षेप मला सरसकट मान्य नाही. ग्रीसच्या क्रीट बेटावरील हुदेत्सी गावात संगीतकार रॉस डेली यांची ‘लॅबिरिंथ’ ही संस्था (स्थापना १९८२) लायरा (गजाने वाजवायचे छोटे तंतुवाद्य), ऊद (वीणेसारखे छेडून वाजवायचे तंतुवाद्य), नेय (बासरीसारखे वाद्य) ही वाद्ये त्या त्या परंपरेत मुरलेल्या वादकांकडून शिकवते, आणि तिथला भर मकामांसारख्या (अरबी-तुर्की संगीतातील स्वरचौकटींसारख्या), आपल्या रागांशी नाते सांगणाऱ्या पद्धती समजून घेण्यावर असतो. डेली यांनी १९९० मध्ये रचलेल्या लायरेला तर सारंगीवरून सुचलेल्या तरफेच्या (मुख्य तारांसोबत आपोआप झंकारणाऱ्या) तारा आहेत. मुळात क्रीटची लायराही उभी धरून, तार वरून न दाबता नखाच्या बाजूने स्पर्श करून वाजवतात, त्यामुळे सारंगी ऐकलेल्या कानाला तिची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) परकी वाटत नाही. चार दिवसांत उरकल्या जाणाऱ्या महोत्सवी उपक्रमांबद्दलची आपली तक्रार मात्र रास्तच आहे.